हेरकथा लिहायला हेरखात्यात असावं लागतं का?

प्रश्न सोलापूरच्याच एका तरुणाचा आहे. थोडक्यात असा: "आमचं घर पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत. वडिलांचे यंत्रमाग होते, ते बंद पडले. मी सहकारी बँकेत कारकून आहे. 'रॉ' या भारताच्या परदेशी हेरखात्यातल्या एका अधिकाऱ्यावर कादंबरी लिहायला घेतली, नायक इस्लामाबादेत आहे. साठेक पानं झाली. ज्यांनी वाचली ते म्हणतात, सिनेमा वाटतो, खरं वाटत नाही. जॉन ल कॅरेसारखे लेखक स्वतः हेर होते म्हणून त्यांना जमलं का? सोलापुरात बसून असं काही लिहिता येईल का? आणि मराठीत लिहू की इंग्रजीत?" सोबत त्यांनी सुरुवातीची काही पानं पाठवली होती, ती मी वाचली. बरीच वर्षं मी स्वतः रहस्यकथा आणि हेरकथा लिहीत आलो आहे, नव्या लेखकांची हस्तलिखितंही वाचून देतो, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

सरळ उत्तर आधी देतो. हेरखात्यात असावं लागत नाही. एरिक अँबलरने १९३०च्या दशकात हेरकथेतले राजबिंडे नायक काढून तिथे साधी, अडकलेली, घाबरलेली माणसं आणली. तो अभियांत्रिकी शिकलेला आणि जाहिरात कंपनीत मजकूर लिहिणारा माणूस. गुप्तचर खात्याचं तोंडही त्याने पाहिलेलं नव्हतं. उलट इयान फ्लेमिंग दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात होता, आत काय चालतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याने लिहिलं ते स्वप्नरंजन. छान लिहिलं, पण स्वप्नरंजनच. तेव्हा अनुभव गाठीशी असणं आणि लिहिलेलं खरं वाटणं यांचा संबंध तुम्ही समजता तितका सरळ नाही.

ल कॅरेचंच बघा. खरं नाव डेव्हिड कॉर्नवेल, जन्म १९३१चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पूल गावचा. वडील रॉनी हा पट्टीचा ठग. विम्याच्या फसवणुकीत तुरुंगात जाऊन आलेला. घरी कधी पैशाचा पूर, तर कधी दारात वसुलीवाले. डेव्हिड पाच वर्षांचा असताना आई घर सोडून गेली, ती त्याला पुन्हा भेटली तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. अशा घरातलं मूल फार लवकर शिकतं की कुणापुढे काय बोलायचं, कोणती गोष्ट कुणाला ठाऊक आहे, वडिलांचं कालचं खोटं आज कसं सांभाळून घ्यायचं. खानदानी मुलांच्या शाळेत त्यांच्यातलाच एक म्हणून वावरायचं आणि सुट्टीत पुन्हा त्या घरात परतायचं. हेरगिरी तो तिथे शिकला. खात्याने नंतर त्याला पगार दिला, एवढंच. वडील १९७५मध्ये वारले. त्यांच्यावरची कादंबरी 'अ परफेक्ट स्पाय' आली १९८६मध्ये. माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं पुस्तक तेच, आणि त्यात गोळीबारापेक्षा बाप-लेकच जास्त आहेत.

नोकरीचा भाग त्या मानाने लहान. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जर्मन भाषेचा अभ्यास, सक्तीच्या लष्करी सेवेत ऑस्ट्रियात पोलादी पडद्यापलीकडून, म्हणजे कम्युनिस्ट पूर्व युरोपातून, आलेल्या लोकांची चौकशी, ऑक्सफर्डला असताना डाव्या विद्यार्थ्यांवर नजर ठेवून खात्याला बातम्या देणं, मग काही काळ ईटन या बड्या घरच्या मुलांच्या शाळेत शिक्षक. १९५८मध्ये तो देशांतर्गत गुप्तचर खात्यात म्हणजे एमआय-५मध्ये रुजू झाला, १९६०मध्ये परदेशी काम पाहणाऱ्या एमआय-६मध्ये गेला, बॉन आणि हॅम्बुर्गला राहिला आणि १९६४मध्ये बाहेर पडला. २०२०मध्ये वारला तोवरची छप्पन वर्षं तो नुसता लेखक होता. ज्या कचेरीच्या बाबतीत साऱ्या जगाने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, तिथला तो १९६४नंतर कर्मचारी नव्हता. आठवणींची शिदोरी एवढी पुरत नाही. बाकीचं त्याने रचलं.

पहिली कादंबरी त्याने नोकरी करत, ग्रेट मिसेंडन ते लंडन या रोजच्या रेल्वेप्रवासात छोट्या वह्यांमध्ये लिहिली. (तुम्ही बँकेच्या कामासाठी कधी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जात असाल तर चार तास सलग मिळतात, फोन बॅगेत ठेवा.) परराष्ट्र खात्यातल्या माणसाला स्वतःच्या नावाने पुस्तक छापता येत नसे, म्हणून टोपणनाव घेतलं. ऑगस्ट १९६१मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, त्याने ती जाऊन पाहिली, आणि त्या संतापात काही आठवड्यांत जे लिहून काढलं ते १९६३चं 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड'. हे हस्तलिखित खात्याने तपासून छापायला परवानगी दिली. का? तर त्यातलं सगळं काल्पनिक आहे, कुठलंही गुपित फुटत नाही, म्हणून. छापून आल्यावर मात्र वाचकांनी आणि वर्तमानपत्रांनी ठरवून टाकलं की आतल्या माणसाने आतलं सगळं उघड केलंय. या प्रसंगावर तुम्ही दोन दिवस विचार करावा असं मला वाटतं. खात्याचे जाणकार म्हणाले काल्पनिक, वाचक म्हणाले खरं, आणि दोघंही बरोबर होते.

खरं वाटलं ते कशामुळे? त्या कादंबऱ्यांत कचेरी आहे. फायली आहेत, त्या फायली सांभाळणारी बाई आहे, बढतीत डावललेला माणूस आहे, अंदाजपत्रकावरून दोन विभागांत जुंपलेली आहे. १९७४च्या 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय'मध्ये सक्तीने घरी बसवलेला एक म्हातारा अधिकारी स्वस्त हॉटेलच्या खोलीत रात्र-रात्र जुन्या फायली वाचतो आणि आपल्यातला फितूर कोण ते शोधून काढतो. मागे किम फिल्बीचं खरं प्रकरण आहे. एमआय-६मध्ये वरच्या जागेवर असलेला फिल्बी रशियाला फितूर होता आणि जानेवारी १९६३मध्ये मॉस्कोला पळाला. पण कादंबरीचा जीव आहे तो मित्राने मित्राला विकलं यात, आणि ते कळतं प्रवासाच्या नोंदी, तारखा, गहाळ झालेलं एखादं पान यांवरून.

आता तुमच्या पानांकडे येतो. त्यात इस्लामाबादचे रस्ते आहेत, पाठलाग आहे, सायलेन्सर लावलेलं पिस्तूल आहे, आणि यातलं काहीच तुम्ही पाहिलेलं नाही हे प्रत्येक ओळीत कळतं. मात्र एक जागा जिवंत आहे. दिल्लीच्या कचेरीत लेखा विभागातला एक माणूस नायकाचं प्रवासभत्त्याचं बिल परत पाठवतो, कारण तिकिटावरची तारीख आणि अर्जातली तारीख जुळत नाही. अर्ध्या पानात तुम्ही ते आटोपून पुढे पिस्तुलाकडे पळालात. तिथेच थांबायला हवं होतं. हा लेखा विभागातला माणूस तुम्ही ओळखता, तो तुमच्या शेजारच्या टेबलावर बसतो. कादंबरी त्याची करा.

तुमच्या बँकेत एक जण नोंद करतो, दुसरा तपासून मंजूर करतो. मेकर आणि चेकर. दोघांचे पासवर्ड वेगळे, कुणी कुणाला सांगायचा नाही. आणि प्रत्यक्षात दुपारी गर्दी असते, चेकर जेवायला गेलेला असतो, काउंटरपाशी पेन्शनर आजोबा ताटकळत उभे असतात, आणि जुन्या ओळखीवर पासवर्ड सांगितला जातो. घोटाळ्याला वाट मिळते ती अशा ठिकाणी. हा पासवर्ड सांगणारा माणूस जवळून बघा. तो लाचखाऊ नाही, आळशीही नाही. त्याने मित्राची नड भागवली. काही महिन्यांनी त्याच्या लक्षात येतं की त्या दुपारी आपल्या नावावर भलतंच काही मंजूर झालंय. सांगितलं तर नोकरी जाते, मित्र तुरुंगात जातो. गप्प बसलं तर पुढच्या वेळी तोच मित्र पासवर्ड मागत नाही, गृहीत धरतो. माणूस दुसऱ्याच्या हातात कसा जातो ते इथे पूर्ण दिसतं. आधी एक छोटा उपकार, मग तो उपकार लपवण्यासाठी दुसरा. परदेशी दूतावासातला अधिकारी एखाद्या कारकुनाला जाळ्यात ओढतो तेव्हा याच पायऱ्या असतात. तुम्हाला त्या पायऱ्या पाठ आहेत, फक्त त्या हेरकथेच्या कामाच्या आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

कौटिल्य यात अजूनही मोठा गुरू आहे. त्याच्या 'अर्थशास्त्र' या ग्रंथातले हेरांचे प्रकार सगळे सांगतात, कापटिक, उदास्थित, तापस वगैरे. पण वैदेहक आणि गृहपतिक यांची लक्षणं वाचा. वैदेहक म्हणजे धंदा बसलेला व्यापारी. गृहपतिक म्हणजे शेती बुडालेला शेतकरी. दोघंही हुशार आणि सचोटीचे हवेत, पण पोटाचं साधन गेलेले. हेर कुठून मिळवायचा हे त्याने इतक्या स्पष्टपणे सांगून ठेवलंय. ज्या शहरात गिरण्या बंद पडल्या, ज्या घरात माग विकले गेले, तिथे वाढलेल्या लेखकाला हे वाक्य वाचून काहीतरी व्हायला हवं. दुसरा त्याचा नियम कथानक रचताना मी नेहमी वापरतो. एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांचं सांगणं जुळलं तर बातमी खरी धरायची. ज्यांचं वारंवार जुळत नाही त्यांना गुपचूप शिक्षा करायची किंवा कामावरून काढायचं. आता अशी गोष्ट रचा की दोघांचं जुळतंय आणि तिसऱ्याचं नाही, आणि खरं तिसराच बोलतोय. त्याच्यावर शिक्षेची तलवार आहे. तीनशे पानं यावर उभी राहतात.

बहिर्जी नाईकांवर लिहायचा मोह आपल्याकडे प्रत्येकाला होतो. १९६४मध्ये नोकरी सोडलेल्या ल कॅरेला निदान स्वतःच्या आठवणी तरी होत्या, बहिर्जींबद्दल समकालीन साधनांत मिळतं ते अगदी थोडं, बाकी पुढच्या काळात साठलेल्या आख्यायिका. पहिल्या कादंबरीला हा विषय घेऊ नका.

त्यापेक्षा सोलापूरच्या दारात १९४८ पडलेलं आहे. तेव्हा सोलापूर मुंबई प्रांतात होतं आणि नळदुर्ग, तुळजापूर, उस्मानाबाद निजामाच्या राज्यात. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी लातूरचा वकील. स्वातंत्र्यसैनिकांच्या छावण्या सरहद्दीच्या अलीकडे होत्या, माणसं आणि बातम्या रात्री इकडून तिकडे जात. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक विमानांनी चोरून हैदराबादला शस्त्रं पोचवत होता. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय सैन्याची मुख्य फळी मेजर जनरल जयंत चौधरींच्या नेतृत्वाखाली सोलापूरकडून आत शिरली, आणि पहिल्याच दिवशी नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल त्यांनी उडवला जाण्याआधी धडधाकट ताब्यात घेतला. पुढे १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. इतिहासाच्या पुस्तकात पुलाला एक वाक्य मिळतं. कादंबरीकाराने तिथे विचारायचं की पुलाची खबर आधी कुणी आणली असेल?

मी नमुना म्हणून रचून दाखवतो. ही सगळी कल्पना आहे. साखर पेठेतल्या एका सूत-व्यापाऱ्याचा गुमास्ता, घरी तेलुगू बोलणारा, पेढीवर मराठी. नाकेबंदीमुळे सुताची बाचकी पलीकडे नेता येत नाहीत, पण जुनी उधारी वसूल करायला तो नळदुर्गला जातो, हातात फक्त वसुलीची वही. छावणीतल्या कुणीतरी त्याला एवढंच सांगितलंय की पुलाखाली नवे खड्डे खणलेत का ते बघून ये. तो पुलावर चप्पल तुटल्याचं निमित्त करून खाली वाकतो. वर बघतो तर नाक्यावर एक ओळखीचा विणकर उभा, पेढीचा देणेकरी. विणकर काही बोलत नाही. गुमास्ता वही उघडतो, त्याच्या नावापुढची बाकी खोडतो, "फिटली" असं लिहून सही करतो. विणकर मान हलवून बाजूला होतो. गुमास्ता सुखरूप परत येतो, खबर पोचवतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेढीवर शेठजी वही चाळताना विचारतात, "याचे पैसे आले कुठे?"

शेठजींना आता काय सांगायचं? बावीस वर्षं जिथे एक आणा इकडचा तिकडे केला नाही, तिथे तो चोर ठरणार किंवा खोटं बोलणार. पिस्तूल नाही, पाठलाग नाही. पण या माणसाने देशासाठी काय गहाण टाकलं ते वाचकाला वहीच्या एका ओळीत दिसतं. हेरकथेत मला हे हवं असतं. निष्ठा एकीकडे राखली की दुसरीकडे मोडते, आणि मोडल्याचा हिशेब त्याच माणसाला द्यावा लागतो.

आणि भाषा. सोलापुरात माणूस मार्कंडेय मंदिरापाशी तेलुगू बोलतो, अक्कलकोटकडून आलेल्या गिऱ्हाइकाशी कन्नड, रिक्षावाल्याशी दखनी आणि कचेरीत मराठी. प्रत्येक भाषेत त्याचा आवाज थोडा बदलतो, ओळख बदलते, कुणी त्याला आपलं मानायचं ते बदलतं. ल कॅरेला हे शिकायला बर्नला जावं लागलं, तुम्ही घरात शिकलात. तुम्ही पाठवलेल्या पानांत तेलुगूचा एकही शब्द नाही, याचं मला खरोखर वाईट वाटलं.

माहिती मिळवण्याबद्दल थोडं. 'रॉ'ची स्थापना सप्टेंबर १९६८मध्ये झाली, पहिले प्रमुख रामेश्वरनाथ काव. ही संस्था आणि देशांतर्गत काम पाहणारा गुप्तवार्ता विभाग (आयबी) २००५च्या माहिती अधिकार कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहेत, अपवाद फक्त भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या तक्रारींचा. २०२१मध्ये निवृत्तिवेतनाच्या नियमांत बदल होऊन अशा संस्थांतून निवृत्त झालेल्यांवर परवानगीशिवाय आपल्या संस्थेच्या कामाबद्दल लिहायला बंदी आली. म्हणजे आतला माणूस तुम्हाला काही सांगणार नाही, आणि तुम्ही विचारूही नये, १९२३चा शासकीय गुपितं कायदा अजून लागू आहे. पण न्यायालयांचे निकाल खुले असतात आणि त्यांच्याइतकं चांगलं वाचन दुसरं नाही. शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४मध्ये इस्रोची गुपितं विकल्याच्या आरोपावरून अटक झाली. आरोप खोटा निघाला, आणि २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. मधली चोवीस वर्षं त्या घराने कशी काढली असतील? हेर नसलेल्या माणसावर हेराचा शिक्का बसणं, यावर मराठीत कुणी ताकदीने लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

जागा मात्र स्वतः जाऊन बघायच्या. ल कॅरेने हाँगकाँगचा एक प्रसंग न जाता लिहिला होता, त्यात पात्रं फेरीबोटीतून खाडी ओलांडतात. पुस्तक छपाईला जात असताना त्याला कळलं की तिथे समुद्राखालून बोगदा होऊन बसलाय. त्यानंतर त्याने नियम केला की न पाहिलेल्या जागी प्रसंग घडवायचा नाही, आणि म्हातारपणापर्यंत वही घेऊन फिरत राहिला. नळदुर्ग तुमच्यापासून पन्नासेक किलोमीटर आहे. एसटीने जा, बोरी नदीच्या पात्रात उतरा, किल्ल्यावरून रस्ता किती लांबपर्यंत दिसतो ते बघा. पहाऱ्यावरच्या शिपायाला समोरून येणारा माणूस किती वेळ दिसत राहील हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळणार नाही.

लिहिण्याची पद्धत ज्याची त्याची. आपल्याकडे बाबूराव अर्णाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, त्या वेगाची शिस्त मी फार मोठी मानतो. कित्येक घरांत वाचनाची सवय त्या पुस्तकांनी लावली. पण तुम्हाला जे लिहायचंय त्याला तो वेग चालणार नाही. ल कॅरे हाताने लिहायचा. त्याची बायको जेन ते टंकून द्यायची, तो त्यावर पुन्हा खरडायचा, कात्रीने तुकडे कापून दुसरीकडे जोडायचा, ती पुन्हा टंकायची. तिच्या संपादनाचा वाटा किती मोठा होता ते त्यांच्या मुलाने, निकने, दोघं गेल्यावर लिहिलं. घर इंग्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाला, लँड्स एंडजवळ समुद्राच्या कड्यावर. राजधानीपासून जितकं दूर राहता येईल तितकं. सोलापुरात बसून जमेल का या प्रश्नाला माझं हे उत्तर आहे. आणि तुमच्याकडेही असं एक माणूस हवं, जे दुसऱ्या खेपेचं हस्तलिखित वाचून कंटाळलो असं तोंडावर सांगेल.

शेवटचा प्रश्न भाषेचा. मराठीत लिहा. गुमास्ता शेठजींसमोर उभा राहून जे सांगणार आहे ते तुम्हाला मराठीत ऐकू येतं, आणि घरी जाऊन बायकोला सांगणार आहे ते तेलुगूत. तेलुगू वाक्यं तेलुगूतच ठेवा, देवनागरीत, तळटीप न देता. अर्थ प्रसंगावरून लागला पाहिजे, लागत नसेल तर वाक्य नाही, प्रसंग दुरुस्त करा. इस्लामाबादची पानं बाजूला ठेवा, भत्त्याच्या बिलाचं अर्धं पान घ्या आणि त्या माणसाने तारीख का तपासली तिथून सुरू करा. पहिली पन्नास पानं झाली की पाठवा, मी वाचेन.